इंग्रजीची वही कोण तपासणार?

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली मुले बोलायला अडत नाहीत. घरात सिंधी, गिऱ्हाइकाशी हिंदी, शेजारी मराठी. फाळणीनंतर लष्करी छावणीत उतरलेल्या कुटुंबांनी परक्या भाषांत धंदे उभे केले, त्या शहराला भाषा शिकणे नवे नाही. दुकान किंवा जीन्सची शिलाई सांभाळून कॉलेज करणारी मुले अडतात ती कागदावर. बारावी पार केलेल्या अनेकांना नोकरीचा अर्ज स्वतःच्या मनाने इंग्रजीत लिहिता येत नाही; परीक्षेत मात्र तोच अर्ज गाइडातून पाठ करून ते पास होतात.

‘आय अ‍ॅम वर्क इन अ शॉप’ हे वाक्य घ्या. लाल रेघ ओढून ते खोडता येईल. पण त्यातले ‘अ‍ॅम’ आले आहे ‘काम करता हूँ’मधल्या ‘हूँ’ची जागा भरायला. मुलगा विचार करूनच लिहितो आहे. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 मध्ये शाळा पूर्ण केलेल्या सगळ्यांना दार उघडले, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी नवख्यांचे सुमारे 4,000 निबंध वाचले आणि चुकांमागेही तर्क असतो, हे 1977 च्या पुस्तकात दाखवून दिले. पण तो तर्क कळायला वही उघडावी लागते.

इथेच घोडे अडते. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्राला 30 तास, आठवड्याला दोन. तुकडी 120 ची असेल, तर दर आठवड्याच्या एकेका परिच्छेदाला पाचच मिनिटे दिली तरी तपासायला दहा तास लागतात. शिकवणारा सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा असेल, तर त्याला मानधन घेतलेल्या तासाचे मिळते, तपासलेल्या वहीचे नाही. मग फळ्यावर नमुना पत्र येते आणि वर्ग ते उतरवून घेतो. या शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे आहे. वाचनाचीही तीच गत: धडा सर वाचतात, अर्थ हिंदी-मराठीत सांगतात, मुले ऐकतात. त्याऐवजी मुलांनी आधी पान वाचून अडलेल्या ओळीवर खूण करावी आणि तास त्या खुणेपासून सुरू व्हावा.

उच्च शिक्षण विभागाने मानधनात तपासणीचे तास धरलेच पाहिजेत. तोवर कॉलेजांनी हात बांधून बसू नये. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यांच्याच हातात आहेत. ते पाठ केलेल्या उत्तरांना न देता, लिहून, तपासून, पुन्हा लिहिलेल्या चार परिच्छेदांना द्यावेत.