पहिल्या बातमीचा भरवसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक सेवानिवृत्त गुरुजी रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे आले आणि त्यांनी पिशवीतून गोळ्यांची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने ती पाठविली होती. बाटलीवर रेस्व्हेराट्रॉल असे नाव होते. "फादर, ह्याने आयुष्य वाढते हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, नाही का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही ओशाळलो. कारण काही वर्षांपूर्वी, नाताळच्या तोंडावर, लाल द्राक्षांच्या सालीत आयुष्य वाढविणारे द्रव्य सापडल्याचे धर्मग्रामाच्या पत्रिकेत कौतुकाने लिहिणारे आम्हीच होतो. वर्तमानपत्राचे एक कात्रण, एवढाच आमचा आधार होता.

तेव्हा ह्या लेखातील पहिले आरोपी आम्ही आहोत. परंतु एकटे नाही. 'सिद्ध झाले' हे दोन शब्द आज ज्या सढळ हाताने उधळले जातात, त्याविरुद्ध आमची तक्रार आहे. काय सिद्ध झाले? कोणावर? कितींवर? आणि दुसऱ्या कोणी ते पुन्हा करून पाहिले काय? बाजारात मासळी घेताना कल्ला उघडून पाहणारे आपण, आयुष्याच्या प्रश्नावर मात्र एकही प्रश्न विचारीत नाही!

ह्या द्रव्याचीच कथा पाहा. २००३ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात असे दिसले, की हे द्रव्य दिल्यावर यीस्टचे आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढते. यीस्ट म्हणजे पाव फुगविणारा तोच एकपेशीय जीव. प्रयोग प्रामाणिक होता, कल्पना बुद्धिमान होती. पण पावाच्या पिठातून माणसाच्या देहापर्यंतचे अंतर बातमीने एका उडीत कापले. २००६ मध्ये उंदरांवरील निष्कर्ष आला. हे उंदीर चरबीने ओतप्रोत भरलेल्या खाद्यावर ठेवलेले होते. औषधाने त्यांची प्रकृती सुधारली आणि ते अधिक जगले. लठ्ठ, आजारी उंदीर बरा झाला, एवढाच त्याचा अर्थ. २००८ साली साध्या खाद्यावरील उंदरांना तेच द्रव्य दिले, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही. त्याच वर्षी एका बलाढ्य औषध कंपनीने ह्या संशोधनावर उभी राहिलेली छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिची प्रयोगशाळा बंद केली. द्रव्याची क्रिया मोजण्यासाठी जे चमकणारे रसायन वापरले होते, तेच निष्कर्षाला फसवीत असावे, असा आक्षेप २००५ पासूनच घेतला जात होता. त्यावर मूळ संशोधकांनी उत्तरही दिले आहे आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. आम्ही तो मिटविण्यास लायक नाही. पण वाद चालू असताना गोळ्या विकणे, ह्याला आमची हरकत आहे.

आणि वाईनचे काय? इटलीच्या कियांती प्रदेशातील दोन गावांत ७८३ वृद्धांच्या लघवीतून ह्या द्रव्याचे अंश मोजून त्यांच्यावर नऊ वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: द्रव्याचे प्रमाण अधिक असणारे अधिक जगले नाहीत. शिवाय उंदराला दिलेली मात्रा वजनाच्या प्रमाणात माणसाला वाईनमधून मिळवायची, तर रोज शेकडो लिटर प्यावी लागेल. आमच्या पत्रिकेतील लेख वाचून कोणी तसा प्रयत्न केला नसावा, अशी आशा आहे.

ह्याहूनही उद्बोधक कथा माकडांची आहे. अन्न कमी दिल्यास प्राणी अधिक जगतात, हे उंदरांबाबत १९३०च्या दशकापासून ठाऊक होते. अमेरिकेत दोन संस्थांनी ऱ्हीसस माकडांवर हा प्रयोग सुरू केला. एक १९८७ मध्ये, दुसरी १९८९ मध्ये. दोन दशके वाट पाहिल्यावर विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २००९ साली जाहीर केले, की अर्धपोटी नव्हे पण ३० टक्के कमी खाणाऱ्या माकडांत वार्धक्यातील रोगांमुळे होणारे मृत्यू घटले. (भूल देताना किंवा अशाच अन्य कारणांनी मेलेली माकडे त्या हिशेबातून वगळली होती, सर्व मृत्यू धरले तर फरक ठाम राहत नव्हता.) २०१२ मध्ये दुसऱ्या संस्थेने कळविले: आमची माकडे अधिक जगली नाहीत. मग खरे कोण? दोघेही. विस्कॉन्सिनच्या खाद्यात सुमारे २८ टक्के साखर होती, दुसरीकडे सुमारे ४ टक्के. आणि विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना हवे तेवढे खाऊ दिले जात होते. म्हणजे तुलना उपाशी आणि तृप्त अशी नव्हतीच, एका ठिकाणी ती मिताहारी आणि खादाड अशी होती. २०१७ साली दोन्ही गटांनी एकत्र बसून, आपापली आकडेवारी एकमेकांपुढे ठेवून हे मांडले. कोणता गट कोणत्या गटाशी ताडून पाहिला, हा प्रश्न विचारल्याविना आकड्याला किंमत नाही, हे आम्हाला ह्या माकडांनी शिकविले. गुरुविद्यालयात आम्ही तर्कशास्त्र दोन वर्षे घोकले होते, हे इथे सांगणे भाग आहे.

पण आमच्यात दुसराही एक वर्ग आहे आणि त्याच्याशीही आमचे भांडण आहे. 'आज एक सांगतात, उद्या दुसरे. ह्या शास्त्रज्ञांचे काही खरे नाही,' असे म्हणून ही मंडळी हात झटकतात. हे शहाणपण नव्हे, आळस आहे. चूक कोणी शोधली? शास्त्रज्ञांनीच. अमेरिकेत एकच प्रयोग तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, मिश्र वंशाच्या उंदरांवर, एकाच वेळी करण्याची पद्धत आहे. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी म्हणून. ह्याच कसोटीवर रेस्व्हेराट्रॉल नापास झाले आणि २००९ मध्ये रॅपामायसिन उत्तीर्ण झाले. उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे म्हातारे झाल्यावर औषध सुरू करूनही तिन्ही ठिकाणी त्यांचे आयुष्य वाढले. हा पुरावा भक्कम आहे, पण उंदरांपुरता. हेच औषध मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात; ते चिमूटभर मीठ नव्हे.

लूर्द येथे बरे झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले; ख्रिस्तसभेने त्यांतील शंभरसुद्धा चमत्कार म्हणून मान्य केलेले नाहीत. वैद्य तपासतात, वर्षानुवर्षे थांबतात, पुन्हा तपासतात. पवित्र मातेच्या दारात जी चिकित्सा आपण मान्य करतो, ती औषधाच्या दुकानात जाताना घरी का ठेवतो?

गुरुजींना आम्ही हे सारे तासभर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि बाटलीची किंमत सांगितली. महिन्याला त्यांच्या निवृत्तिवेतनाचा सहावा हिस्सा! मुलगा पैसे पाठवीत होता ते पहिल्या बाटलीपुरतेच. पुढच्या तीन त्यांनी स्वतः मागविल्या होत्या, आणि त्यासाठी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती. ती शस्त्रक्रिया गणपतीच्या सुट्टीनंतर झाली. आता ते पत्रिका चष्म्याविना वाचतात, आणि आमच्या जुन्या लेखाची दुरुस्ती कधी छापणार, असे दर रविवारी विचारतात. ती ह्याच महिन्याच्या अंकात, पहिल्या पानावर, छापली आहे.