मुलांना जमत नाही, की मशीनला?



"बाई, मला शिवण जमत नाही. मी नाही करणार."

गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीने मला असे सांगितले आणि समोरचे कापड बाजूला सारले. तिचे म्हणणे खरे नव्हते. पण तिला तसे वाटायला लावण्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख.

झाले असे, की कार्यानुभवाच्या तासाला कापडी पिशव्या शिवायच्या असे आम्ही ठरवले. २०१८ मध्ये आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण गावच्या बाजारात त्या अजून दिसतातच. मुलांनी घरून जुन्या साड्या, चादरी, बाबांच्या फाटक्या पँटी आणल्या. हाताने शिवायला फार वेळ जाईल म्हणून आम्ही तिघी शिक्षिकांनी वर्गणी काढून एक छोटे शिलाई मशीन ऑनलाइन मागवले. किंमत बाराशे रुपये. प्लास्टिकचे, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडे मोठे, चार सेलवर नाहीतर अ‍ॅडॅप्टरवर चालणारे. जाहिरातीत एक लहान मुलगी हसत हसत फ्रॉक शिवत होती. आम्हालाही वाटले, वा! आता एका आठवड्यात तीस पिशव्या.

पहिले दहा टाके सुंदर पडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अकराव्या टाक्याला खालून दोऱ्याचा गुंता झाला. तो कापून परत दोरा ओवला, तर वरचा दोरा तुटला. परत ओवला, तर टाके सुटायला लागले. कापड पुढे सरकेना म्हणून एकाने ते ओढले आणि सुई वाकली. पिशवीचा बंद जोडायची जागा आली, तिथे कापडाच्या चार घड्या होत्या. मशीनने "घर्रर्र" केले आणि गप्प बसले.

आणि मी काय केले? "दोरा नीट ओव", "कापड ओढू नकोस", "लक्ष कुठे आहे तुझं?" दोन तास हेच चालले होते. ती मुलगी तीन वेळा मशीनवर बसली आणि तिन्ही वेळा गुंता झाला. चौथ्या वेळी ती बसलीच नाही.

दोष कुठे होता?

ते मशीन घेऊन मी गावातल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी झाकण काढले, हाताने चाक फिरवून पाहिले आणि हसले. "मॅडम, ह्याचं टायमिंगच बसत नाही. पोरं काय करणार?"

त्यांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. वर्गात सांगायलाही उपयोगी पडेल. हाताच्या सुईला नाक मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईला मात्र ते टोकाशीच असते. सुई दोरा घेऊन कापडाच्या खाली जाते आणि किंचित वर येऊ लागते, तेव्हा खाली दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक त्या फासात शिरते आणि त्याला बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणते. मग वरचा दोरा ओढला जातो आणि दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या मधोमध बसते. म्हणूनच मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

हे सगळे एका टाक्यात घडते. सुई जराशी वाकली किंवा शटल जरासे मागेपुढे झाले, की फास हुकतो आणि टाका सुटतो. वरच्या दोऱ्याला पुरेसा ताण मिळाला नाही, तर तो खाली सैल साठतो. आपण खाली गुंता बघतो आणि बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. चांगल्या मशीनवर ताण कमी-जास्त करता येतो. आमच्या मशीनचा ताणाचा स्क्रू नुसता फिरायचा, फरक काहीच पडायचा नाही. आतली चाके प्लास्टिकची, सुईचा दांडा हातानेही हलायचा. जाड कापड आले की मोटरचा जोरच संपायचा.

म्हणजे माझी मुलगी चुकत नव्हती. ती प्रत्येक वेळी बरोबर करत होती आणि मशीन तिला "चूक" असे सांगत होते.

"चुकांमधूनच मुले शिकतात ना?"

एका सहकारी बाईंनी मला हेच विचारले. मुलांना सगळे सोपे मिळाले तर चिकाटी कशी येणार? प्रश्न योग्य आहे. पण जरा विचार करा, चूक मुलाला कधी शिकवते? ती त्याची स्वतःची असेल आणि त्याला तिचे कारण सापडत असेल तेव्हा. धावदोरा घालताना टाके लांब पडले, की कापडात फट दिसते. मूल ती बघते आणि पुढचा टाका जवळ घालते. हे शिकणे झाले. पण तेच कापड, तोच दोरा, तोच हात असताना कधी टीप नीट पडते आणि कधी गुंता होतो, तेव्हा मूल कशावरून काय शिकणार? शेवटी ते एकच निष्कर्ष काढते, "मलाच येत नाही."

आपल्याला दुकानदाराला नावे ठेवता येतात. दहा वर्षांच्या मुलाला ते सुचत नाही. वस्तू बाईंनी आणली आहे, म्हणजे ती चांगलीच असणार, असा त्याचा विश्वास असतो. म्हणून स्वस्त, बिघडके साधन मोठ्या माणसाचे पैसे वाया घालवते, पण लहान मुलाचा स्वतःवरचा भरवसा घालवते. कंपासपेटीतल्या ढिल्या कंपासने काढलेले वर्तुळ जुळत नाही, बोथट कात्रीने कागद चुरगळतो, तिथेही आपण किती वेळा मुलालाच रागावतो?

गांधीजी यंत्रांच्या हव्यासाला विरोध करत, पण शिलाई मशीनला त्यांनी आवर्जून अपवाद मानले होते, कारण ते माणसाचे कष्ट हलके करते. त्यांच्याच पुढाकाराने १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला. शिक्षण हाताच्या कामातून व्हावे, असा तो विचार होता. आज २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही कौशल्यांवर भर देते. चांगलेच आहे. पण हातांनी शिकायचे तर हातात दिलेले साधन भरवशाचे हवे. नुसते "साहित्य उपलब्ध" असे नोंदवहीत लिहून काम भागत नाही.

मग पैसे कुठून आणायचे?

ही अडचण खरी आहे. आमच्याकडेही पैसे नव्हतेच. म्हणून आम्ही पुढे काय केले ते सांगते.

पहिली गोष्ट, मशीन कपाटात ठेवले आणि सुईदोरा काढला. धावदोरा, मग उलटी टीप, मग हेम. पिशवीच्या बाजूंना उलटी टीप घातली तर ती छान मजबूत होते. खर्च जवळपास काहीच नाही.

दुसरी गोष्ट, पालकसभेत विचारले, "कोणाकडे जुने पायमशीन पडून आहे का?" एका आजींनी त्यांचे लोखंडी मशीन महिनाभरासाठी दिले. शिंपीकाकांनी तेल घातले, पट्टा बदलला. ते आजही कुरकुर न करता चालते.

तिसरी गोष्ट काकांनीच शिकवली. नव्या मुलाला पहिल्यांदा दोरा द्यायचाच नाही. रेघी वहीचा कागद मशीनखाली ठेवायचा आणि बिनदोऱ्याची सुई रेघेवरून चालवायची. छिद्रे रेघेवर पडली का, हे मुलाला स्वतःलाच दिसते. सरळ रेघा जमल्या की चौकोन, मग गोल. एवढे जमल्यावर दोरा आणि कापड. (या कामासाठी जुनी सुई वापरा, कागदाने ती बोथट होते. आणि मुलगा किंवा मुलगी मशीनवर असताना मोठ्या माणसाने शेजारी उभे राहायलाच हवे.)

पालकांना एक विनंती. वाढदिवसाला असे छोटे मशीन घेणार असाल, तर आधी स्वतः त्यावर जीन्सच्या दोन घड्या शिवून बघा. तुम्हाला जमले नाही, तर मुलालाही जमणार नाही. त्याऐवजी चांगली कात्री, सुया, दोन-चार रंगांचे दोरे आणि तुमचा रविवारचा एक तास द्या.

आणि ती मुलगी? मी तिला वर्गासमोर सांगितले, "चूक मशीनची होती आणि मी तुला रागावले, माझं चुकलं." ती काही बोलली नाही. दोन दिवस लांबूनच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन पायमशीनवर बसली. पहिली रेघ वाकडी गेली. तिने कागद उजेडात धरला, छिद्रे बघितली आणि म्हणाली, "बाई, इथे माझा पाय जोरात पडला."

तिची पिशवी आता आमच्या वर्गाच्या खुंटीला आहे. खडू आणि डस्टर तीतच असतात.

तुमच्या वर्गातल्या कपाटातही असे एखादे साधन असेल. एकदा स्वतः वापरून बघा आणि मगच मुलांच्या हाती द्या.