आत्या, प्रेसवाला आणि शिकागो

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ३४ माणसं आहेत. गेल्या मे महिन्यात एका रात्री कुणीतरी तिथे 'उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी' असा तक्ता टाकला. पाणी भरपूर प्या, बारा ते चार बाहेर पडू नका, ताक, पन्हं, कांदा वगैरे. नऊ जणांनी त्याला अंगठा दाखवला. त्यातला एक माझा. (मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ आहे तोच शेवटी खरा ठरला म्हणा.) त्या रात्री नागपूरची आत्या तिच्या घरात बंद कूलरशेजारी पडून होती. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडून दीड दिवस झाला होता. स्वयंपाकाची बाई लग्नाला गावी गेलेली. आत्याचं वय ७८, आतोबा गेल्यापासून एकटीच राहते. ती स्वतः त्या ग्रुपवर आहे, पण मोबाईलची बॅटरी संपली होती, म्हणजे तो तक्ता तिने पाहिलासुद्धा नाही.

तिला शोधलं ते आमच्यापैकी कुणी नाही. कोपऱ्यावरच्या निंबाखाली टेबल टाकून कपड्यांना इस्त्री करणारा एक माणूस आहे, नागपुरात त्याला प्रेसवाला म्हणतात, त्याने. आत्या रोज सकाळी फाटकाची कडी काढून त्याच्याशी दोन मिनिटं भांडते (साडीच्या काठाला डाग पाडलास, घडी चुकलीस) आणि मग तिचा दिवस सुरू होतो. त्या दिवशी कडी निघाली नाही. साडेनऊपर्यंत वाट पाहून तो भिंतीवरून आत गेला. ओला पंचा, मग ऑटो, मग दवाखाना, सलाईन. आत्या आता ठणठणीत आहे. फोनवर म्हणाली, "अरे, लाइट आता येते, मग येते, असंच करून राहिले होते मी. तुम्हाला कुठे उगाच सांगत बसू?"

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की दुसरं कुणीतरी तिला फोन करत असेल.

हे झाल्यावर मी एक पुस्तक पुन्हा काढून वाचलं. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाचं 'हीट वेव्ह', २००२ सालचं. हवामानबदलावर आपण वाचतो ते बहुतेक कार्बनचे आकडे आणि वितळणारे हिमनग असतं. या माणसाने प्रश्नच वेगळा विचारला. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, पारा ४१ च्या आसपास गेला. नागपूरकर म्हणेल, मग काय झालं? झालं असं की त्या एका आठवड्यात, एरवी जेवढी माणसं मरतात त्यापेक्षा सुमारे ७३९ जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही म्हणून बाहेर मैदानात रेफ्रिजरेटरचे ट्रक उभे करावे लागले. क्लायननबर्गने म्हटलं, डॉक्टर शरीराचं शवविच्छेदन करतात, मी समाजाचं करतो. कोण मेलं, कुठे मेलं, आणि कुणाला कळायला किती वेळ लागला?

बरेचसे एकटे राहणारे म्हातारे होते. एका खोलीत, खिडक्या बंद, काहींनी तर चोरांच्या भीतीने खिडक्या खिळ्यांनी ठोकून टाकलेल्या. कित्येक प्रेतांवर हक्क सांगायला कुणी आलं नाही. म्हाताऱ्या बायका एकट्या राहण्याचं प्रमाण जास्त, पण मेलेल्यांत पुरुषांचं प्रमाण जास्त. बायकांनी कुणाकुणाशी बोलणं-चालणं राखलेलं असतं आणि पुरुष निवृत्त झाला की त्याचे सगळे धागे तुटतात, असं क्लायननबर्ग म्हणतो. (आमच्या घराण्यातल्या काकालोकांनी हा परिच्छेद जरा हळू वाचावा.)

पुस्तकातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग दोन वस्त्यांच्या तुलनेचा आहे. नॉर्थ लॉनडेल आणि साऊथ लॉनडेल, एकमेकींना लागून. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे साधारण सारखेच. ऊन तर अर्थातच तेच. उत्तरेकडे १९ माणसं गेली, म्हणजे लाखाला ४० या दराने. दक्षिणेकडे ३, दर चारच्याही आत. असं का? उत्तरेकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीतले कारखाने गेले होते, मागोमाग दुकानं गेली, माणसं गेली, उरले मोकळे प्लॉट आणि मोडकी घरं. म्हाताऱ्याने घराबाहेर पडावं असं रस्त्यावर काही उरलंच नव्हतं. दक्षिणेकडे मेक्सिकन लोकांची गजबज होती. बेकऱ्या, भाजीवाले, फुटपाथवर गर्दी. म्हातारा माणूस उकाड्याने हैराण झाला तरी चार पावलं चालून एखाद्या गार दुकानात जाऊन उभा राहू शकत होता. आणि एखाद दिवस दिसला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

थोडक्यात, तिथे प्रेसवाला होता.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट ऐकायला फार गोड वाटते आणि गोड गोष्टींचा मला संशय येतो. मिचेल डुनायर नावाच्या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मांडणीवर टीका केली. त्याचं म्हणणं, वस्तीचा मृत्युदर पाहून त्या वस्तीतल्या एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मेलेली माणसं नेमकी कशी जगत होती ते घरोघर जाऊन विचारल्याशिवाय 'एकटेपणाने मेली' म्हणायचं कसं? क्लायननबर्गने त्यावर उत्तर दिलं, वाद बराच रंगला. मला टीका रास्त वाटते, पण मूळ मुद्दा तिने पडत नाही. कारण त्या लाटेनंतर लगेच डॉक्टरांनी घरोघर जाऊन केलेल्या दुसऱ्या एका पाहणीतही तेच निघालं होतं. जी माणसं एकटी राहत होती, जी रोज घराबाहेर पडत नव्हती, जी आधीच आजारी होती, त्यांना धोका जास्त. ज्यांच्या घरी चालू एसी होता किंवा ज्यांची आसपास ऊठबस होती, त्यांना कमी.

ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात हेच झालं. एकट्या फ्रान्समध्ये १५ हजारांच्या आसपास माणसं गेली. अख्खं पॅरिस सुट्टीवर आणि म्हातारे वरच्या मजल्यांवर, पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांत.

आणि आपल्याकडे? मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ पर्यंत गेला. नंतर संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. हा आकडा कळतो तो नोंदवह्यांची तुलना केल्यावर. कारण ऊन कधी स्वतःच्या नावाने मारत नाही. दाखल्यावर लिहिलं जातं हृदयविकार, मूत्रपिंड, वार्धक्य. आत्याचं काही बरंवाईट झालं असतं तर आम्हीही 'वयच झालं होतं' म्हणून मोकळे झालो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. त्या धक्क्यातून अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठी आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाण्याची सोय, बागा जास्त वेळ उघड्या, झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग. मग इतर शहरांनी तो गिरवला, नागपूरनेही.

पण २०२३ साली दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने देशभरातले असे ३७ आराखडे तपासले, तर नेमका धोका कुणाला आहे याची पाहणी फक्त दोनांत केलेली आढळली. बाकी ठिकाणी वृद्ध, लहान मुलं, गरोदर स्त्रिया, उन्हात काम करणारे अशी यादी, बस्स. यादीत आत्या आहे. पण आत्या कुठल्या गल्लीत राहते, तिचा कूलर चालतो का आणि तिच्या फाटकाकडे कोण बघतं, हे यादीला माहीत नाही. पैसे कुठून यायचे हेही बहुतेकांत नाही.

आपलं सगळं लक्ष पाऱ्याकडे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी फिरली होती, आठवतं? दोन दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर तेच. मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्राचा सेन्सर बिघडला होता. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल २०२३ ला, खारघरला उघड्या मैदानात सरकारी पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसं तासन्‌तास बसली होती, त्यातली १४ उष्माघाताने गेली. पारा ३८ च्या आसपास! विदर्भात कुणी ३८ ला पंख्याचा वेगसुद्धा वाढवत नाही. पण समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, गर्दीतून उठून जायची सोय नाही. माणसाला जे भोवतं त्यातलं निम्मं थर्मामीटरवर दिसतच नाही. सावली कुणाला द्यायची आणि कुणाला उन्हात बसवायचं, हे हवामान खातं ठरवत नाही ना.

म्हणून मला तो 'काळजी घ्या' तक्ता आताशा खटकतो. त्यात चुकीचं काही नाही, पण तो सगळी जबाबदारी उकडणाऱ्या माणसावरच टाकतो. शिकागोतही एका बड्या अधिकाऱ्याने मेलेल्यांनी स्वतःकडे दुर्लक्ष केलं अशा अर्थाचं बोलून घेतलं होतं, मग माफी मागावी लागली. पण त्या शहराने नंतर धडा घेतला हेही सांगायला हवं. १९९९ ला पुन्हा लाट आली तेव्हा पालिकेची माणसं एकट्या म्हाताऱ्यांना फोन करत होती, दारं वाजवत होती. त्या वेळी मृत्यू ११० च्या आसपास. कमी नाहीत, पण ७३९ ही नाहीत.

आणि मी इतका वेळ आत्याबद्दलच बोलतोय. बारा ते चार बाहेर पडू नका, हे वाक्य प्रेसवाल्याला लावून बघा. तो ४५ अंशांत, कोळशाच्या इस्त्रीपुढे, बाराला नाही तर कधी उभा राहणार? घरी बसला तर त्या दिवसाची कमाई गेली. गुजरातेत 'सेवा' या बायकांच्या संघटनेने यावर एक प्रयोग केला. २०२३ मध्ये २१ हजार कष्टकरी बायकांचा असा विमा उतरवला की तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे टिकलं तर पैसे आपोआप मिळतील, दावा नको, दाखला नको. पहिल्या वर्षी मर्यादाच इतकी वर होती की कुणाला काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी अटी बदलल्या आणि मग पैसे मिळाले, चारशे-चारशे रुपयांसारख्या रकमा. तुम्ही म्हणाल, चारशेने काय होतं? दुपारी घरी बसता येतं. मला हा त्या सगळ्या आराखड्यांपेक्षा शहाणपणाचा विचार वाटतो, कारण यात 'उन्हात जाऊ नका' म्हणणारा त्याचे पैसे मोजतोय.

आत्याच्या गल्लीत मात्र उलट चाललं होतं. तिच्या समोरचं जुनं अंगणवालं घर पाडून तिथे फ्लॅट स्कीम झाली. माझ्या लहानपणी नवतप्यात त्या अंगणात दहा-बारा खाटा पडायच्या, अंगणात पाणी मारायचं आणि अख्खी गल्ली उघड्यावर झोपायची. कोण आजारी, कोण रुसलं, सगळं सगळ्यांना माहीत असायचं. (ते सगळं छान होतं असं अजिबात नाही. मच्छर आणि चांभारचौकशा दोन्ही भरपूर.) आता तिथे बंद काचा आहेत आणि एसीची गरम हवा आत्याच्या फाटकावर येते. या नव्या लोकांनी तक्रार केली होती की प्रेसवाल्याच्या टेबलामुळे गाडी वळवता येत नाही, ते हटवा.

आम्ही यातून काय शिकलो म्हणाल तर फार नाही. चुलतबहिणीने एक तक्ता केला, मार्च ते जून रोज एकाने आत्याला फोन करायचा. मंगळवार माझा. आत्या वैतागली आहे. "रोज एक जण फोन करून राहिला, म्हातारी आहे का गेली पाहायला," म्हणते. पण एखाद्याचा फोन चुकला की दुसऱ्या दिवशी बरोबर त्याचं नाव घेऊन सांगते.

टेबलाचं तिनेच परस्पर मिटवलं. फाटकाच्या आत, तिच्या स्वतःच्या निंबाखाली जागा दिली. प्रेसवाल्याने एकच विचारलं, पंख्यासाठी घरातून वायर ओढली तर चालेल का. आत्या म्हणाली, "बिल तू भरशील." मग थोड्या वेळाने आतून ओरडून म्हणाली, "राहू दे, पण ती काठाची साडी नीट कर."