ग्रहणी म्हणून किती काळ?

जीर्ण अतिसाराचा रुग्ण समोर बसला की आमची लेखणी सवयीने पर्पटी, कुटज आणि तक्राकडे वळते. त्यात अनुचित काही नाही. ग्रहणीच्या चिकित्सेत आयुर्वेदाचा अधिकार मोठा आहे. परंतु वाग्भटाचार्यांनी ग्रहणीची गणना अष्टमहागदांत केली आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

लहान आतड्याच्या श्लेष्मल आवरणातील लसीका-ऊतींत उद्भवणारा लिम्फोमा प्रारंभी ग्रहणीचेच रूप घेऊन येतो. महिनोन्महिने द्रवमलप्रवृत्ती, उदरशूल, झपाट्याने येणारे कार्श्य आणि पुढे पायांवर शोथ ही त्याची लक्षणे होत. त्याचा एक प्रकार बहुधा तरुण वयात, दारिद्र्य आणि अस्वच्छ पाणी असेल तेथे आढळतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांप्रमाणेच भारतातही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. १९६८ साली पॅरिसच्या सेलिगमान यांनी त्यातील विकृत प्रथिन ओळखले. २००४ साली कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूशी त्याचा संबंध दाखविला गेला. महत्त्वाचे हे की, प्रारंभीच्या अवस्थेत काही महिन्यांच्या प्रतिजैविकांनी हा विकार मागे हटू शकतो. ती अवस्था उलटली की केमोथेरपीखेरीज गत्यंतर उरत नाही. म्हणजे येथे काळ हेच औषध आहे आणि ते आमच्या हातून वाया जाऊ शकते.

उमरखेडसारख्या ठिकाणच्या रुग्णाला मोठ्या तपासणीसाठी नांदेड अथवा यवतमाळ गाठावे लागते. मजुरी बुडते, म्हणून तो आमच्या पुडीवरच समाधान मानतो. काही दिवस मल बांधला जातो आणि आम्हीही समाधान मानतो. आमच्या मते अतिसार चार आठवड्यांहून अधिक टिकला आणि सोबत वजन घटणे, शोथ, रात्री शौचासाठी उठणे वा पोटात गाठ यांपैकी काही असेल, तर एंडोस्कोपी व बायोप्सीसाठी रुग्णास तत्काळ पाठवावे. दिलेल्या औषधांची यादी चिठ्ठीत लिहावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, हेही त्याच्या घरच्यांना सांगावे.

रोगाचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. तो आम्हांस शिरोधार्य आहे. मात्र नाव न शोधण्याची मुभा त्यात नाही. रुग्ण परत आल्यावर त्याचा अग्नी आणि बल सांभाळण्याचे काम आमचेच आहे. त्यासाठी तो वेळेत परतला पाहिजे.