टेप जपली म्हणजे भाषा जपली?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा बोलतात, हे पेढे खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. कोरकूतून, मराठी-हिंदीतून तिने पुष्कळ शब्द घेतले, तरी सुमारे पाव हिस्सा शब्दांचे नाते जगातल्या कुठल्याच भाषेशी लागत नाही. आणि आपली जनगणना १० हजारांखालच्या भाषेचे नावसुद्धा वेगळे छापत नाही!

यावर ठरलेले उत्तर येते, "रेकॉर्डिंग करून ठेवा." जरूर करा, आजच करा, म्हातारी माणसे थांबत नाहीत. पण तेवढ्याने भाषा वाचली, हे मला मुळीच मान्य नाही. अंदमानातल्या बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनियर २०१० च्या जानेवारीत वारल्या. अन्विता अब्बींनी त्यांचा आवाज टिपला म्हणून तो आज ऐकता तरी येतो. त्या भाषेत उत्तर देणारे मात्र कुणी उरलेले नाही.

मग रेकॉर्डिंग कसे करावे? लांब जायला नको. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, ओवी म्हणायचे निमित्तच संपले. पण बाईचे नाव, गाव ओवीसोबत नोंदलेले आहे. गाणाऱ्या बाईला 'माहितीचा स्रोत' करून टाकलेले नाही. (हा शब्द ऐकला की माझे डोके फिरते.)

निहालीचे तसे व्हायला हवे. मुद्रण दूरच्या संस्थेच्या कपाटात आणि गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या घरी काहीच नाही, हे चालणार नाही. तिच्या नातवाच्या मोबाईलमध्ये ती गोष्ट हवी, अंगणवाडीत लागायला हवी, शब्द न् शब्द उतरवून अर्थासकट. "त्यांनाच त्यांची भाषा नको आहे," असे सांगणारे भेटतात. शाळेत, बाजारात, दवाखान्यात जी भाषा कुणी ऐकून घेत नाही, ती आईबापांनी पोरांना कशाच्या भरवशावर शिकवायची? पहिलीत सहा वर्षांचे पोर निहालीत बोलले, तर त्याचे ऐकून घेणारा एक शिक्षक तरी त्या शाळेत नेमा, आणि मग विचारा त्यांना नको आहे का ते.