कुत्रा चालेल, पण आडनाव काय?

वडवणी तालुक्यातून दरवर्षी पोरंपोरी बाहेर पडतात. कुणी बीडला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी पुण्याला. कुणी शिकायला, कुणी कंपनीत, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. शहरात उतरल्यावर पहिला प्रश्न एकच असतो : राहायचं कुठं?

भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत हल्ली एक नवी ओळ दिसते : 'पाळीव प्राणी चालतील'. तिच्याच आसपास एक जुनी ओळही असते : 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी'. या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा, म्हणजे शहर कुणासाठी दार उघडतं आणि कुणासाठी लावतं ते समजेल.

आधीच सांगतो, आमचा मुक्या जनावरांना विरोध नाही. आम्ही बीड जिल्ह्याची माणसं आहोत. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीच्या मागं कुत्रं चालतं, गाडीत शेळीचं करडू असतं. रात्री फडातल्या कोपीची राखण तेच कुत्रं करतं. जनावर पाळणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण आमची शेळी शहरात गेली की 'घाण' ठरते, आमच्या कोंबडीचा वास येतो आणि दुकानातून विकत आणलेलं परदेशी जातीचं कुत्रं मात्र 'घरातला सदस्य' होतं. शहराला माणसाप्रमाणं जनावराचीही जात लागते!

पुढची गंमत पाहा. 'शाकाहारी' इमारतीत कुत्र्यासाठी कोंबडीच्या मांसाचं खाद्य पिशवीतून, लिफ्टनं वर जातं. त्यावर कुणाची हरकत नसते. पण भाडेकरूच्या स्वयंपाकघरात अंडं उकडलं की इमारत बाटते. मग प्रश्न मांसाचा आहे की ते खाणाऱ्या माणसाचा? 'शाकाहारी' हा शब्द इथं जेवणाबद्दल बोलतच नाही. जात थेट विचारायची लाज वाटते, म्हणून ताटातून विचारली जाते. तेवढ्यानं कळलं नाही तर आडनाव, तेवढ्यानंही नाही तर 'मूळ गाव कुठलं, गावात घर कोणत्या बाजूला?'

हे नवं नाही. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होतं, आपल्या माणसांना नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी, 1917 साली, परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. भाडं द्यायची तयारी होती, पण राहायला जागा नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत राहिले. जात कळली तेव्हा लोक काठ्या घेऊन आले. आसऱ्यासाठी मित्रांकडे विचारणा केली, तिथंही नकार मिळाला. शेवटी बागेत बसून वेळ काढावा लागला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठावी लागली. त्यांच्याकडं पदवी होती आणि पैसाही होता, पण त्या दिवशी या दोन्हींचा काही उपयोग झाला नाही. 'शिका, पैसा कमवा, जात आपोआप जाईल' असं सांगणाऱ्यांनी बडोदा आठवावं.

आजही चित्र फार बदललेलं नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चजातीय नावाला जिथं सहज होकार मिळत होता, तिथं दलित नावाला नकार किंवा जाचक अटी मिळत होत्या. मुस्लिम नावाची अवस्था त्याहून वाईट होती.

आता कायद्याकडं या. प्राणी पाळणाऱ्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्या सांगतात. चांगलं आहे. प्राणिमित्र त्या सूचनांचा कागद हातात घेऊन भांडतात, हेही चांगलं आहे. पण आपल्या हातात त्याहून मोठा कागद आहे आणि तो आपण वापरत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955. त्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान एक महिना कैद. आणि कलम 12 सांगतं की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य झालं तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरेल. तसं नव्हतं, हे समोरच्यानं सिद्ध करायचं. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

परवडण्याचा प्रश्न वेगळाच. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना सुरू झाली. तिच्या मूळ निकषांत संभाजीनगरसारख्या शहरासाठी निवासाचे वर्षाला 15,000 रुपये आणि बीडसारख्या ठिकाणी 12,000 रुपये धरले गेले. म्हणजे महिन्याला 1,250 आणि 1,000! एवढ्या पैशात कोणती खोली मिळते, ते अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून दाखवावं. बाबासाहेबांनी 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, कारण डोक्यावर छप्पर नसेल तर शाळेचं दार उघडूनही उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आपली पोरं जातात कुठं? शहराच्या कडेला, आपल्याच वस्तीत. तिथं आडनाव विचारत नाहीत, शेळीला हाकलत नाहीत, कुत्र्याला भाकरी मिळते. सगळ्यांना सामावून घेणारी परवडणारी घरं शहरात असतील, तर ती या वस्त्यांतच आहेत. आणि महापालिकेच्या लेखी त्याच अतिक्रमण!

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे.

एक, नकार मिळाला की गप्प परतू नका. दलालाचे संदेश, जाहिरात, कॉलची नोंद जपून ठेवा. संघटनेला सोबत घेऊन तक्रार द्या.

दोन, भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तोंडी करारात पहिला बळी आपलाच जातो.

तीन, स्वाधारची निवासाची रक्कम त्या त्या शहरातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा, ही मागणी प्रत्येक तहसीलवर गेली पाहिजे. सुरुवात वडवणीतून करू.

चार, हे आपल्यातल्या फ्लॅटवाल्या नोकरदारांसाठी. तुमच्या रिकाम्या खोलीसाठी मातंग, पारधी, मुस्लिम पोरगा आला तर तुम्ही काय विचारता? भाडं की आडनाव? तिथंही आडनावच आधी येत असेल, तर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून काही होणार नाही.

कुत्र्याला घर मिळावं, मांजराला मिळावं, शेळीलाही मिळावं. पण ज्या शहराला जनावराची दया येते आणि माणसाचं आडनाव खुपतं, त्या शहराची दया आम्हाला नको. आम्हाला हक्क हवा.

जय भीम!