जी-एच गळाले, बिघडले कुठे?

‘मोबाइल आला आणि पोरांच्या स्पेलिंगचा सत्यानाश झाला,’ हे वाक्य इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येते. ‘थ्रू’ लिहायचे टी-एच-आर-यू, ‘दो’ लिहायचे टी-एच-ओ, ‘नाइट’ लिहायचे एन-आय-टी-ई. आळशी अंगठ्यांनी एका समृद्ध भाषेची पार रया घालवली, असा एकूण सूर. या तक्रारीत दोन आरोप आहेत. एक, हे खूळ नवे आहे. दोन, हे अशुद्ध आहे. दोन्ही तपासले की टिकत नाहीत.

आधी नवेपणाचे पाहू. अमेरिकेतल्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने, म्हणजे शिक्षकांच्याच संघटनेने, 1898 साली 12 शब्दांची सोपी स्पेलिंगे स्वीकारली. मघाचे ‘थ्रू’ आणि ‘दो’ त्या यादीत जसेच्या तसे आहेत. मोबाइल सोडाच, तेव्हा घरोघर टेलिफोनसुद्धा पोचला नव्हता. त्याहून जुना मासला ‘ओके’चा. 1830च्या दशकात बॉस्टनच्या वार्ताहरांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापण्याचा नाद लागला होता. त्यातच ‘ऑल करेक्ट’ची ओ आणि के ही अक्षरे 23 मार्च 1839 रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आली. नव्या पिढीच्या स्पेलिंगवर चिडलेले मास्तरही निरोपाला उत्तर देतात ते ‘ओके’ असेच.

आता अशुद्धतेचे. ज्याला आपण शुद्ध म्हणतो त्याची वंशावळ फार सोवळी नाही. ‘आयलंड’मध्ये पूर्वी एस नव्हता. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचे नाते आहे अशा चुकीच्या समजुतीने तो मागाहून घुसवला गेला. ‘डिलाइट’मधले जी-एच ‘लाइट’च्या संगतीने आले, ‘कुड’मधला एल ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला न उच्चारला जाणारा बी लॅटिनचा डौल दाखवायला चिकटवलेला. विद्वानांनी केलेली चूक ती शुद्धलेखन आणि पाटी रंगवणाऱ्याने केलेली सोय ती भ्रष्टता, हा कुठला न्याय? जॉन्सनच्या 1755च्या कोशात ‘म्युझिक’च्या शेवटी के होता. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीचा अभिमान बाळगणारे आपण तो के रोज गाळतो आणि कुणाची झोप उडत नाही.

मग सुधारकांची बाजू घ्यावी का? तीही घेववत नाही. स्पेलिंग अतार्किक आहे, सबब वरून आदेश काढून ते सरळ करावे, हा त्यांचा पक्ष. त्याचे काय झाले ते 1906 साली दिसले. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंडळाने 300 शब्दांची यादी काढली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ती वापरण्याचा हुकूम दिला. त्या यादीतले कितीतरी शब्द अमेरिकेत आधीच तसे लिहिले जात होते. तरी वर्तमानपत्रांनी टवाळी केली, प्रतिनिधिगृहाने विरोधात ठराव केला आणि वर्ष सरायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ने 1934 पासून आपल्या पानांवर हाच प्रयोग केला. ‘फ्रेट’ म्हणजे मालवाहतूक, ते एफ-आर-ए-टी-ई असे छापले. ‘आयलंड’मधला उपरा एससुद्धा हाकलला. इतिहास बाजूने, तर्क बाजूने, खपाचे वर्तमानपत्र हाताशी, तरी वाचक बधले नाहीत. बरीचशी यादी काही वर्षांतच गुंडाळली गेली आणि उरलेले ‘थ्रू’ आणि ‘दो’ही 1975 मध्ये सोडले.

गंमत अशी की त्याच 1975 साली ‘मिलर लाइट’ ही बिअर एल-आय-टी-ई हे स्पेलिंग मिरवत अमेरिकाभर विकायला आली आणि ते स्पेलिंग रुळले. संपादकाला जे साधले नाही ते बाटलीवरच्या लेबलाने कसे साधले? माझे म्हणणे इथेच आहे. सोपे स्पेलिंग केवळ सोपे असून चालत नाही. त्याला स्वतःची जागा आणि स्वतःचे काम मिळावे लागते. एल-आय-टी-ई म्हणजे दिवा नव्हे, उजेड नव्हे. कमी उष्मांकांचे किंवा कमी चरबीचे खाणेपिणे, एवढेच. ते काम इतके पक्के झाले की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1993 साली ‘लाइट’ हा दावा कधी करता येईल याचे नियम केले, त्यात दोन्ही स्पेलिंगना एकच अट लावली. चालत्या गाडीतून वाचायच्या पाटीवर ‘ड्राइव्ह-थ्रू’ आखूडच शोभते. कादंबरीत मात्र जुने लांबलचक ‘थ्रू’ सुखाने नांदते. ‘डोनट’मधले यू-जी-एच दुकानांच्या पाट्यांवरून गळाले, ‘डंकिन डोनट्स’ने 1950 पासून ते नाव गावोगाव नेले. खुद्द ब्रिटनमध्ये नाटकाचा ‘प्रोग्रॅम’ अजून शेपटीसकट लिहितात, संगणकाचा मात्र बिनशेपटीचा. शब्दकोश या सगळ्यात शेवटी येतो, झालेल्या लग्नाची नोंद करायला.

‘असे म्हटले तर उद्या काहीही चालेल,’ ही भीतीही फोल आहे. काहीही चालत असते तर ‘ट्रिब्यून’चे ‘फ्रेट’ आज ट्रकांवर दिसले असते. परीक्षेच्या निबंधात टी-एच-आर-यू लिहिले तर गुण जरूर कापावा, कारण निबंध ही त्याची जागा नव्हे. पण समासात ‘असा शब्दच नाही’ असा शेरा मारू नये, कारण तो शब्दकोशात आहे.

‘दो’चे प्रकरण अजून निकालात निघालेले नाही. त्याच्यामागे ना दुकान, ना माल. पण हल्ली मुलांचे निरोप पाहा: टी-एच-ओ वाक्याच्या सुरुवातीला फारसे येत नाही, शेवटी येते, आपल्या ‘पण हं’सारखे. तिथे पूर्ण स्पेलिंग लिहिले तर लिहिणारा रागावलाय की काय, असे त्यांना वाटते.